सर्व्हेत लोक बाजूने, मग अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा हलत का नाही?

बॅकलॉगग्रस्त:
मंडळी, गॅलपच्या २०२५ च्या पाहणीत ७९ टक्के अमेरिकन म्हणाले की इमिग्रेशन देशासाठी चांगलंच आहे, आणि ते कमी करा म्हणणारे २०२४ ला ५५ टक्के होते ते वर्षभरात ३० वर आले. मग घोडं अडतंय कुठे? आमची ईबी-२, म्हणजे उच्चशिक्षितांची नोकरीवरची ग्रीन कार्डाची (कायम राहण्याच्या परवान्याची) रांग, आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१५. लेक पुढच्या वर्षी २१ ची होणार, म्हणजे आमच्या अर्जातून बाहेर. आय-१४०, म्हणजे कंपनीने आमच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, पेंडिंग होता तेवढे दिवस लेकीच्या वयातून वजा होतात म्हणे, पण आम्ही हौसेने जादा फीचं प्रीमियम प्रोसेसिंग केलेलं, पंधरा दिवसांत अप्रूव्हल, तेव्हा केवढा आनंद झाला होता!

उंटावरचा_शहाणा:
७९ टक्क्यांवर जाऊ नका हो. माझी ऑफिसमधली शेजारीण अगदी आपल्या बाजूची, आणि मला विचारते की इतकी वर्षं झाली तर सिटिझनशिपचा फॉर्म का नाही भरून टाकत तू?? आधी ग्रीन कार्ड लागतं आणि त्याची रांग आहे हेच माहीत नाही तिला. बॉर्डर, ड्रीमर्स (लहानपणी बेकायदा आणलेली मुलं), एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), सगळं "सुधारणा" या एकाच शब्दात कोंबलंय, ज्याला जे हवं ते तो ऐकतो.

जुना_खोंड:
मतांचा प्रश्नच नाही. २०१३ ला सिनेटमध्ये ६८-३२ ने इमिग्रेशन सुधारणेचं बिल पास झालं, हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, ते मतदानाला घेतलंच नाही. एका देशाच्या लोकांना वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी ७ टक्क्यांहून जास्त नाहीत, ही मर्यादा नोकरीवाल्यांसाठी काढायचं बिल २०१९ ला हाऊसमध्ये ३६५-६५ ने पास, २०२० च्या डिसेंबरात सिनेटने आपलं वेगळं व्हर्जन पास केलं, दोन्हींचा मेळ बसेपर्यंत काँग्रेसची मुदत संपली. आणि २००७ मध्ये तर विरोधकांनी इतके फोन केले की सिनेटची फोन लाइन कोलमडली आणि त्याच दिवशी तेव्हाचं सुधारणा बिल पडलं. आपल्या बाजूचे लोक सर्व्हेवाल्याला हो म्हणतात, फोन ठेवतात आणि मत देताना महागाई बघतात. विरोधक याच एका मुद्द्यावर मत देतो.

तटस्थ_तात्या:
थोडं वेगळं मत. नोकरीवाली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात घरच्यांचीही धरलेली, आणि हा आकडा १९९० च्या कायद्यातला. तो न वाढवता नुसती ७ टक्केवाली मर्यादा काढली तर आपली रांग दुसऱ्या देशांच्या माणसांच्या माथी जाणार, ते का पाठिंबा देतील? आपणही "सुधारणा" म्हणजे फक्त आपली डेट पुढे सरकणं एवढंच धरून बसतो ना.

बॅकलॉगग्रस्त:
तात्या, लागलं पण पटलं. जुना_खोंड, तुमचं वाचून काल आमच्या सिनेटरच्या ऑफिसला फोन लावला, पलीकडे एक पोरगा होता, माझ्या लेकीएवढाच असेल, झिप कोड विचारला, लिहून घेतला, मग म्हणाला कुठल्या बिलाबद्दल बोलायचंय? मी गप्प. सध्या कुठलं आहे, नंबर देईल का कोणी?