सही ‘क्लोदियों’ची, पण हात कुणाचा?

मृण्मय: सॅटर (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव) आणि बॅकांटी (मद्यदेवाची भक्त स्त्री) यांचा टेराकोटा म्हणजे भाजलेल्या मातीचा जोडगट, मागे तळाशी ‘क्लोदियों’ कोरलेलं. माझं मत सरळ आहे. भिंगाखाली रेघेच्या दोन्ही काठांना माती उचलून बारीक कड आली असेल, तर सही ओल्या मातीतली. भाजल्यावर कोरलेली रेघ काठाला ठिसळते आणि फिकट दिसते. कड दिसली की फ्रेंच शिल्पकार क्लोद मिशेल ऊर्फ क्लोदियोंचं (१७३८–१८१४) नाव लावावं.

साचेबंद: कड एवढंच सांगते की सही भट्टीआधीची. नक्कल करणाऱ्याकडेही ओली मातीच असते! एकोणिसाव्या शतकात ही शैली पुन्हा चालायला लागली. शिल्पकार कारिये-बेल्यूझ (ज्याच्याकडे पुढे नावाजलेला शिल्पकार रोदँ तरुणपणी राबला) त्याच चालीचे गट स्वतःच्या नावानं काढत होता. बाकीच्यांनी थेट क्लोदियोंचं नाव कोरलं. सही शेवटी बघा, आधी तळातून टॉर्च मारा. आत सगळीकडे साधारण सारखी जाडी, अंगठ्याचे ठसे आणि सांध्यावर थापलेली मातीची पट्टी दिसली, तर माल साच्यातला.

मृण्मय: साच्यातला म्हणून नकली? साच्यातून काढून ओल्यातच केस, द्राक्षपानं, सॅटरच्या मांडीवरची लव दातेरी हत्यारानं फिरवणं ही अठराव्या शतकातलीही रीत होती. लवेच्या खोबणीत हत्याराचे समांतर ओरखडे धारदार आहेत की बुजलेले, ते बघा. बुजलेले असतील तर मी माघार घेतो.

साचेबंद: आणि माप? माती वाळून-भाजून साधारण ८–१० टक्के आटते. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातला क्लोदियोंचा सॅटर-अप्सरेचा गट सुमारे ५९ सेंमी. भाजलेल्या मूर्तीवरून साचा घेतला तर नक्कल ५३–५४ भरेल. फक्त उंची मोजून चालत नाही, बैठक बदललेली असते. डोळ्यापासून गुडघ्यापर्यंत कॅलिपर (अंतर मोजायचा चिमटा) लावा.

मृण्मय: भाजण्याआधीच्या मूळ नमुन्यावरून साचा घेतला असेल तर माप तंतोतंत जुळेल. मग?

भट्टीकर: मग थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजे माती तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून ती कधी भाजली ते काढणं. तळाखालून दोन ठिकाणी बारीक ड्रिलनं नमुना घ्यायचा, प्लास्टरच्या डागडुजीतून नाही. क्ष-किरण तपासणी त्यानंतरच. आधी केली तर मातीत जादा किरणोत्सर्गाचा हिशेब मिसळतो. पण चूक २० टक्के धरा: १७८० चा तुकडा १७३० ते १८३० दाखवेल, १८६० चा साधारण १८२७ ते १८९३. नक्कल बहुतेक वेळा गळेल. क्लोदियोंचा शिष्य जोझेफ-शार्ल मारँ मात्र कधीच वेगळा निघणार नाही. त्याला शैलीच वाचावी लागते.

साचेबंद: म्हणूनच विक्रीच्या नोंदीत ‘अमुकला श्रेय’ एवढंच लिहावं. फ्रान्सच्या १९८१ च्या फर्मानानुसार त्याचा अर्थ काळ तोच आणि कर्तृत्वाची भक्कम शक्यता. नुसतं ‘सही आहे’ लिहिलंत आणि शंका नोंदवली नाहीत, तर कर्तृत्वाची हमीच दिलीत.

मृण्मय: श्रेय मान्य. ‘अमुकच्या शैलीत’ लिहू नका, त्यात कसलीच हमी उरत नाही. आणि अतिनील दिवा विसरलात: बोटं आणि खुरांची टोकं आधी तुटतात, नवा रंग तिथे वेगळा चमकतो. सहीच्या पट्ट्यावर तसं चमकलं, तर माझा पहिला मुद्दाच रद्द.