दुपारच्या पाळीचा सुपरवायझर रोज उशिरा येतो, आता बोलणंही बंद. साहेबांकडे जाऊ का?

आसनगावकर
अंधेरी एमआयडीसी, पॅकिंग सेक्शन. माझी पाळी ७ ते ३, त्याची ३ ते ११. तो ३.२० च्या आधी उगवत नाही आणि चार्ज, म्हणजे कामाचा ताबा, त्याला दिल्याशिवाय मला लाइन सोडता येत नाही. मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपर गाठेपर्यंत आसनगाव लोकल गेलेली असते. त्याचं म्हणणं, मी अर्धवट बॅच त्याच्या गळ्यात मारून पळतो. गेल्या आठवड्यात पोरांसमोर "ए, पळतोस कुठे?" म्हणाला. मी १२ वर्षांनी मोठा, आजवर अहो-जाहो होतं. तेव्हापासून फक्त ग्रुपवर टोमणे, माझेही. आधी स्वतः बोलायचं तर नेमकं काय बोलू?

चार्जवही
ही दोन भांडणं आहेत, एक वेळेचं आणि एक अरे-तुरेचं. एकत्र काढलीत तर दोन्ही तशीच राहतील.

आधी वेळेचं. तुमची पाळी ३ ला संपते आणि त्याची ३ ला सुरू होते, म्हणजे चार्ज द्यायला कंपनीने शून्य मिनिटं ठेवली आहेत. चालू बॅच, भरलेले खोके, सुटा माल, रिजेक्शन, मशीनची कुरकुर, किती माणसं हजर, हे नीट सांगायला १० ते १५ मिनिटं लागतातच. तो ठोक्याला आला तरी तुम्ही सव्वातीनला सुटणार. त्यामुळे १५ मिनिटांचा पगारी ओव्हरलॅप, म्हणजे दोघंही एकाच वेळी ड्युटीवर, दोघांनी मिळून मागा. एकट्याने मागितलात तर ती तक्रार वाटते.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. २.३० नंतर नवी बॅच उघडू नका. उघडावीच लागली तर पूर्ण भरलेली पॅलेट बांधून बाजूला लावा आणि सुट्या मालावर चिठ्ठी: बॅच नंबर, नग, का थांबलं. २.४५ ला वही भरायला घ्या. रकाने पाचच ठेवा: बॅच, पूर्ण, अपुरं, रिजेक्ट, मशीनबद्दल. खाली दोघांच्या सह्या आणि सहीची वेळ. त्याची वेळ त्यालाच लिहू द्या. तुम्ही लिहिलीत की चार्जवहीचं हजेरीपुस्तक होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो सही करायचं टाळतो. बहुतेक वह्या इथेच मरतात.

पर्सोनेलवाला
वहीचं पटलं. बोलण्याबद्दल लिहितो.

३ वाजता बोलू नका. तुमचा डोळा घड्याळावर, तो घामाघूम, आणि पोरं कान टवकारून उभी. कँटीनही नको. एक दिवस स्वतःहून एक गाडी सोडा, त्याच्या चहाच्या सुट्टीपर्यंत थांबा आणि गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग घ्या. पहिलं वाक्य मोजून: "गेल्या सहा दिवसांत पाच वेळा मी साडेतीनच्या सुमाराला सुटलो. पण आधी सांगा, माझ्याकडून तुम्हाला काय अर्धवट मिळतं?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच जड जातं. तो तीन गोष्टी सांगेल. त्यातली एक तरी खरी निघते, ती तिथल्या तिथे कबूल करा. "तुम्ही नेहमीच उशिरा येता" म्हणालात की तो वेळेवर आलेले दोन दिवस शोधून काढेल आणि वाद त्या दोन दिवसांवर होईल.

अरे-तुरेचं शेवटी, एका दमात: "पोरांसमोर एकेरी बोललात ते लागलं. बाजूला घेऊन काहीही बोला." त्याच्या जोडीला "ग्रुपवर मी लिहिलं तेही चुकलं". माफीचा आग्रह नको. आपल्याकडे 'माफ करा' हे शब्द सहसा येत नाहीत. दुसऱ्या दिवशी "चहा झाला का तुमचा?" असं आलं की तेच समजायचं. आणि ग्रुपवरचे जुने मेसेज पुसत बसू नका, स्क्रीनशॉट केव्हाच निघालेले असतात.

एक इशारा, तुमच्या बाबतीत नसला तरी इतर वाचणाऱ्यांसाठी: भांडणात बाईमाणसाशी लैंगिक स्वरूपाचं वागणं-बोलणं असेल तर टपरीवर मिटवू नये. २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि तक्रारीची मुदत साधारण ३ महिने आहे. समेट हवा असेल तर तिनेच मागायचा, आणि तोही पैसे घेऊन नाही.

गेट नंबर तीन
गोड बोला, पण हिशेबही मांडा. रोज २० मिनिटं, महिन्याचे २६ दिवस: ५२० मिनिटं, म्हणजे ८ तास ४० मिनिटं. महिन्याला एक अख्खी पाळी फुकट. ही तो पोरगा खात नाहीये, कंपनी खातेय. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे, पण सुपरवायझरला तो लागू होतो का, हे नुसत्या हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष काम आणि पगार बघून ठरतं. नेमणूकपत्र काढून वाचा.

पंधरा दिवस वही चालवा. फरक नसेल तर साहेबांना अर्ध्या पानाचा अर्ज: तारखा, सहीच्या वेळा, त्यामुळे लाइन किती वेळ थांबली, आणि मागणी एकच, ओव्हरलॅप. "उद्धट", "बेजबाबदार" असे शब्द नकोत. "कारवाई करावी" तर नकोच, कारण कारवाई झाली तर तो आयुष्यभराचा वैरी आणि नाही झाली तर तुमचं हसं. प्रत त्यालाही द्या, पाठीमागून गेलं असं व्हायला नको. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती असायला हवी, पण ती पायरी नंतरची. बीकेसीतलं कामगार भवन तर फारच नंतरचं.

आसनगावकर
आभार. एक अडचण: तो मुलीला शाळेतून घरी सोडून वसईहून निघतो. ३ ला पोचणं त्याला जमणारच नाही, असं तिसऱ्याकडून कळलं.

चार्जवही
तिसऱ्याकडून कळलेलं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय वापरू नका, ते आधी टपरीवर त्यालाच बोलू द्या. खरं असेल तर रोज झापून गाडी लवकर येणार नाही. पॅकर जनरल शिफ्टचे (म्हणजे ३ ला पाळी न बदलणारे, दिवसभराचे) असतील तर त्यांची चहाची सुट्टी ३ ते ३.१५ करून घ्या. लाइन थांबलेली असताना चार्ज लाइन लीडरकडे द्यायचा आणि वहीत त्याची तिसरी सही. साहेबांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर पहिली बॅच परत आली की जबाबदारी पुन्हा तुमच्याकडे. लीडरला सुट्टी असेल त्या दिवशी कोण, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.