घरी बनवलेल्या गाडीचं पासिंग: नापास करा, पण परीक्षेला तर बसू द्या

पांदणवाला:
राजेहो, एक विषय डोक्यात घुसून राह्यला म्हणून टाकतो. आमचा भाचा आयटीआय वेल्डर हाये, दारव्हा साईडचा. त्यानं भंगारात घेतलेल्या दोन मारुती ८०० मधून एक बग्गी उभी केली. पाईपची चेसिस स्वतःची, ७९६ सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट मागं बसवलं, पुढं दुसऱ्या ८०० चं सस्पेन्शन अन् स्टिअरिंग रॅक. वेल्ड पाहाल त बोट फिरवून पाहावं वाटन. आता रस्त्यावर आणायची म्हटलं त आरटीओत पह्यलाच प्रश्न, फॉर्म २२ कुठं हाये? म्हणजे गाडी सेफ्टी अन् प्रदूषणाच्या नियमात बसते हे कंपनीनं लिहून द्यायचं. कंपनी कोण, त भाचाच! मग त्यानं रूल १२६ प्रमाणं नमुना पुण्याले एआरएआय नाहीतर नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत टेस्टले न्यायचा, अन् तो सगळा कारभार हजारो गाड्या विकणाऱ्यासाठी बनवलेला हाये, एक गाडी बनवणाऱ्यासाठी नाही. माझं म्हणणं एवढंच का एकट्या गाडीची तपासणी करून पास-नापास ठरवायची सोय पाह्यजे. नापास करा ना, कोण नाही म्हणते.

कोर्टाची_पायरी:
भाऊ, भावना समजतात पण कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९, नोंदणी नसेल तर सार्वजनिक जागी गाडी चालवता येत नाही, आणि सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रोड नाही, लोकांना जायचा हक्क आहे ती कोणतीही वाट, म्हणजे तुमच्या नावातली पांदण पण त्यात आली. जुगाड गाड्या हे मोटार वाहनच आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१३ ला सांगून ठेवलंय. मग जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात कलम ५२ वर निकाल आला की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून बदल चालणार नाही. इथे तर बदल कशात केला विचारलं तर मूळ गाडीच नाही. आणि कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, जुन्या ८०० चा चेसिस नंबर कापून नव्या फ्रेमवर वेल्ड करू नका, ते थेट फौजदारीत जाईल.

कापूसकोंड्या:
अन् ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खी वरात कोंबून रातच्याले हायवेनं जातात, मागं लाल लाईट त सोडा साधं रेडियम नसते, ते कोणत्या कलमात बसते हो वकीलसाहेब? तिकडं सांगलीकडं देवराष्ट्रेत एका काकानं भंगारातून जीपसारखी गाडी बनवली त आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवीन बोलेरो देली, २०२२ ची गोष्ट. सगळ्यायनं वा वा केलं. पण ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी अडवतीन, हे पण महिंद्रांनीच लिहिलं होतं. म्हणजे कौतुक करा अन् गाडी म्युझियमात ठेवा.

डिफ्रेन्शियल:
ट्रॉली वाईट चालते म्हणून बग्गी पण वाईट चालू द्या, हे काही मले पटत नाही. भाच्याचं वेल्डिंग चांगलं असन, वाद नाही, पण गाडी वेल्डवर नाही चालत. ८०० चं पुढचं सगळं उचलून मागं टाकलं म्हणजे मागच्या नकलवर, चाक ज्याच्यावर बसते त्या तुकड्यावर, स्टिअरिंगचा आर्म तसाच राह्यला. तो टाय रॉड टाकून चेसिसले पक्का बांधला नसन त खड्ड्यात मागचं चाक आपल्या मनानं वळते. मग ब्रेक. कंपनीची ८०० पुढं जड, त्या हिशोबानं पुढं डिस्क अन् मागं ड्रम. तुमची मागं जड अन् आता दोन्हीकडं डिस्क. जोरात ब्रेक मारला का वजन पुढं सरकते, तेव्हा मागची चाकं आधी लॉक झाली त गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं उभी राहते, अन् पेरणीच्या दिवसात ट्रॅक्टरच्या चाकानं काळ्या मातीचा गारा डांबरावर आलेला असते तिथं त बोलायचं कामच नाही. सीट बेल्ट कशाले बांधला? पत्र्याले भोक पाडून नट कसला असन त धडकेत नट पत्रा घेऊनच उपटते, तिथं मागून जाड प्लेट लागते. बाजा नावाच्या स्पर्धेले इंजिनिअरिंगचे पोट्टे पिथमपूरले बग्ग्या नेतात, तिथं आधी टेक्निकल इन्स्पेक्शन, मग ब्रेक टेस्ट, त्याच्यात चारही चाकं लॉक झाली पाह्यजेत, तेव्हा कुठं ट्रॅकवर उतरू देतात. अन् तेवढं पास झालेली गाडी पण घरी ट्रकवर टाकूनच आणतात.

पांदणवाला:
डिफ्रेन्शियलभाऊ, म्हणजे एकेक गाडी तपासता येते हे तुमीच सांगतलं ना! पोट्ट्यांच्या स्पर्धेत जमते ते सरकारले काऊन नाही जमत?

वर्धेची_ताई:
दादा, मी रोज त्याच रोडने स्कुटीवर शाळेत शिकवायला जाते म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या भाच्याच्या गाडीने मला उडवलं तर पैसे कोण देणार? नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही, मग भरपाई त्याने स्वतःच्या खिशातून द्यायची, म्हणजे वावर विकायचं आणि तेही आमच्या घरच्यांनी कोर्टाचे खेटे घातल्यावर. फुलसावंगीचा वेल्डर पोरगा आठवतो ना, ऑगस्ट २०२१, स्वतःच बनवलेल्या हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. हुशारी कमी नव्हती त्याची. ते पातं दुसऱ्या कोणी तपासलं होतं का?

अचलपूरकर_परदेशी:
ताई, तुम्ही जे बोललात ना ते खरं म्हणजे तपासणी पाहिजे याच्याच बाजूचं आहे. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो, इकडे लोक गॅरेजमध्ये किट कार जोडतात आणि रोडवर पण आणतात, पण असं नाही की जोडली आणि निघाले. आयव्हीए नावाची एकट्या गाडीची तपासणी असते, २००९ पासून, त्याआधी एसव्हीए होती. सरकारी माणूस ब्रेक, लाईट, आरसे, बेल्ट कुठे बांधलाय, आवाज, धूर सगळं बघतो, इतकंच काय बाहेरच्या कडेची गोलाई २.५ मिलिमीटरपेक्षा कमी असली तरी नापास, कारण पायी चालणाऱ्याला लागेल. पहिल्या फेरीत नापास होणारे खूप, मग दुरुस्त करून परत जायचं. पास झाली की कुठला पार्ट कुठून आला त्याचा हिशोब द्यायचा, बिलं जपून ठेवावी लागतात, आणि गाडीचं वय-मूळ ठरवता आलं नाही तर क्यू अक्षराची नंबर प्लेट मिळते. मग विमा. तिकडे नेमकं हेच मधलं दार नाही, एकतर मोठी कंपनी नाहीतर बेकायदेशीर.

कोर्टाची_पायरी:
दार उघडलं की त्यातून आधी कोण घुसेल ते सांगू? चोरीच्या गाड्यांचे पार्ट विकणारे. घरी बनवली म्हणायचं आणि नवीन नंबर घ्यायचा. इकडे बिलं ठेवतो कोण, भंगारवाला बिल देतो का?

पांदणवाला:
देत नाही, मान्य. पण भाच्याकडं दोन्ही ८०० ची आरसी हाये अन् इंजिनचा नंबर जसाच्या तसा हाये, तेवढं तरी तपासता येते. अन् आरटीओ एकेक गाडी पाहत नाही असं कोण म्हणते? ट्रकची नुसती चेसिस घेऊन नागपूरले बॉडी बांधून आणतात तिचं पासिंग होते, आता त्याले पण कोड आले, म्हणजे बॉडी कशी बांधायची त्याचे नियम, बरं झालं. दिव्यांग माणसासाठी गाडीत बदल करायची सोय २०१९ च्या दुरुस्तीत कलम ५२ मध्येच टाकली. म्हणजे साहेबाले पाना-टॉर्च घेऊन गाडीखाली वाकता येते. ताईचं म्हणणं मी डोक्यावर घेतो, पासिंग नाही त विमा नाही अन् विमा नाही त गाडी रोडवर नाही, म्हणूनच त पासिंग मागून राह्यलो. पाह्यजे त ५० च्या वर स्पीड लॉक करा, हायवे बंद करा, तालुक्याच्या बाहेर नेऊ देऊ नका.

वर्धेची_ताई:
स्पीड लॉक उघडायला किती वेळ लागतो ते तुमच्या भाच्यालाच विचारा. मला अजून पटलेलं नाही. सोय करायची असेल तर आधी तपासणारी माणसं भरा, आहे त्या गाड्यांचं फिटनेस तरी नीट पाहा.

कापूसकोंड्या:
ताईले एक मत माझं पण. पण बग्गीत बसायले येतो ब्वा.

पांदणवाला:
डिफ्रेन्शियलभाऊ, तुमचं वाचून भाच्याले फोन केला. मागचा आर्म दोन्हीकडून रॉड टाकून चेसिसले बांधला हाये. ब्रेकचं म्हणाल त जिनिंगच्या काट्यावर आधी पुढची चाकं चढवून अन् मग पूर्ण गाडी चढवून वजन केलं होतं, एकूण ६१० किलो, त्याच्यात मागं ३७०.

डिफ्रेन्शियल:
हे चांगलं केलं. ड्रायव्हर बसवून केलं का रिकामं?

पांदणवाला:
रिकामं. टाकीत पेट्रोल पण कमीच होतं.

डिफ्रेन्शियल:
मंग परत करा, दोघं जण बसवून अन् टाकी फुल करून. इंजिन मागं असलं का माणसं बसल्यावर पुढचं वजन वाढते, सगळा हिशोब बदलते. अन् बेल्टच्या प्लेटचा फोटो टाका, गाडीच्या खालून काढलेला.