अॅलेक गिनेस: नटाचे कसब की रंगभूषेचे?

प्रश्न
'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटातला ताठ कण्याचा कर्नल निकोल्सन आणि १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये एकाच उमराव घराण्यातल्या आठ व्यक्ती रंगवणारा नट एकच आहे (ब्रिटिश अभिनेते अॅलेक गिनेस), हे श्रेयनामावली वाचेपर्यंत माझ्या लक्षातच आले नाही. हे कसब रंगभूमीचे मानावे, की रंगभूषाकाराचे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
रंगभूषेचा वाटा आहेच. १९४८ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला त्यांचा फॅगिन, म्हणजे चोरट्या पोरांचा ज्यू म्होरक्या, तर त्या भल्यामोठ्या नाकापायीच वादात सापडला. पाया मात्र नाटकाचा. जाहिरात संस्थेतली मजकूर लिहिण्याची नोकरी सोडून आलेल्या गिनेस यांना नामवंत रंगभूमी-अभिनेते जॉन गिलगुड यांनी १९३४ मध्ये आपल्या 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकची छोटी भूमिका दिली, आणि चारच वर्षांनी लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहाच्या आधुनिक वेशातल्या प्रयोगात ते स्वतः हॅम्लेट झाले. पडद्याकडची वाटही नाटकातूनच गेली: 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चे नाट्यरूपांतर त्यांनी स्वतः केले होते, त्यातला त्यांचा हर्बर्ट पॉकेट चित्रपट-दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी पाहिला होता, आणि लीन यांच्या १९४६ च्या चित्रपटात ती भूमिका त्यांच्याकडेच आली.

प्रतिसाद २
'क्वाय'मध्ये जपान्यांच्या युद्धकैदी छावणीतल्या पत्र्याच्या तापलेल्या कोठडीतून बाहेर काढल्यावर निकोल्सन जपानी अधिकाऱ्याकडे चालत जातो, तेवढाच प्रसंग पुन्हा पाहावा. पाय आखडलेले आहेत, तोल जातो आहे, तरी खांदे पडू द्यायचे नाहीत. आपला मुलगा पोलिओतून सावरताना जसा चालत असे, त्यावरून ही चाल घेतल्याचे गिनेस यांनीच सांगितले होते. या भूमिकेला ऑस्कर मिळाले, आणि तिच्यात रंगभूषेचे काम जवळजवळ नाहीच!

प्रतिसाद ३
दुसरी बाजूही नोंदवतो. लीन यांच्याच १९८४ च्या 'अ पॅसेज टु इंडिया'त ते प्राध्यापक गोडबोले झाले. आडनाव ऐकून मराठी प्रेक्षक सावरून बसतो, आणि समोर येतात चेहऱ्याला रंग फासलेले साहेब. शेजारी व्हिक्टर बॅनर्जी आणि रोशन सेठ असताना तर ते सोंग अधिकच उघडे पडते. याउलट १९७९ च्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या बीबीसीच्या सात भागांच्या मालिकेत त्यांचा जॉर्ज स्मायली हा हेरखात्यातला माणूस बराच वेळ नुसता समोरच्याचे ऐकत बसतो, आणि तरीही नजर त्याच्यावरून हलत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. कोठडीचा प्रसंग आजच पुन्हा पाहतो. गोडबोले मात्र तूर्त राहू देतो.