मदत हवी आहे : तीव्र मध्यम लागला, की षड्जच हलला?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहतो आणि भजनाला व गायनाला पेटीची साथ करतो. भाची की-बोर्डच्या परीक्षेची तयारी करीत असल्याने तिच्याबरोबर मीही पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शास्त्र शिकू लागलो आहे. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या शिष्यपरंपरेमुळे बेळगाव परिसरात पेटीविषयी शंका आली तर विचारायला माणसे आहेत. ‘की’ (रचना कोणता स्वर षड्ज धरून कोणत्या सप्तकात बांधली आहे ते) या पाश्चात्त्य संकल्पनेविषयी विचारावे असे मात्र ओळखीत कोणी नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

जी मेजर ही की म्हणजे पांढरी पाच (पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी) षड्ज धरून वाजवलेला बिलावल थाट, आणि त्यातला शुद्ध निषाद काळी तीनवर येतो म्हणून स्टाफच्या (स्वरलेखनाच्या पाच रेघांच्या) आरंभी एक शार्प (स्वर एका पट्टीने चढवण्याची खूण) लिहिलेला असतो, इथपर्यंत मला नीट उमगले आहे.

अडचण पुढे आहे. जर्मन संगीतकार बाखच्या घरातील 1725 च्या वहीत जी मेजरमधला एक मिन्युएट (नृत्याच्या चालीची छोटी रचना) आहे; तो पूर्वी बाखचाच समजत, आता पेट्झोल्ड या संगीतकाराचा मानतात. त्याच्या दुसऱ्या भागात काळी एक लागते आणि ती घेतच सुरावट पांढरी दोनवर येऊन विसावते. माझ्या कानाला तो सरळ तीव्र मध्यम वाटतो आणि विसावा पंचमावरचा. पुस्तक म्हणते की तेथे की बदलून डी मेजर झाली, म्हणजे पंचमच षड्ज झाला आणि माझा तीव्र मध्यम त्याचा शुद्ध निषाद ठरला. लगेच पुढे पांढरी एक, म्हणजे शुद्ध मध्यम, परत येते आणि शेवट पांढरी पाचवरच होतो. आपल्याकडे केदार रागात दोन्ही मध्यम लागतात, तरी षड्ज तसूभरही हलत नाही, कारण तानपुरा त्याला धरून असतो. तानपुराच नसलेल्या संगीतात षड्ज हलल्याची खूण कोणती? ती डाव्या हाताच्या स्वरांत शोधावी, की विसाव्याच्या जागेत? आणि ऐकणाऱ्याला तो पंचम खरोखरच षड्जासारखा वाटतो का?

दुसरी शंका लहान आहे. जी मेजर आणि ई मायनर या दोहोंना तोच एक शार्प असतो. बिलावलाच्या धैवताला षड्ज मानून मूर्च्छना केली की आसावरी थाटाचे स्वर मिळतात, तसेच हे असावे असे मी समजतो. परंतु मायनरच्या रचनांत किरवाणी रागाप्रमाणे शुद्ध निषादही येतो; ई मायनरमध्ये तो काळी दोनवर पडतो. तेव्हा एक शार्पच्या रचनेत काळी दोन वारंवार दिसली तर ती ई मायनर धरावी का?

जाणकारांनी शक्यतो सरगम आणि काळी-पांढरीच्या भाषेतच उत्तर द्यावे, ही विनंती. गोव्यात हे प्रत्यक्ष वाजवून समजावणारे कोणी शिक्षक माहीत असल्यास तेही कळवावे. चोर्ला घाट उतरून येण्याची आमची तयारी आहे.