जुन्या, कमी बजेटच्या ॲक्शनपटांची पोस्टर्स जमवायची आहेत. सुरुवात कशी करू?

तिकीटखिडकी:
मंडळी, बरेच दिवस मनात आहे. साधारण १९७० ते १९८९ या काळातल्या कमी बजेटच्या ॲक्शनपटांची मूळ पोस्टर्स जमवायची आहेत. मोठ्या स्टुडिओंची नकोत. कॅनन, न्यू वर्ल्ड यांच्यासारख्या छोट्या सिनेमा कंपन्यांची, आणि त्यांच्याहूनही बारक्या वितरकांची, ज्यांची नावं आता कुणाला आठवत नाहीत. फाटकी बनियन घातलेला नायक, मागे पेटलेलं हेलिकॉप्टर, खाली मोटरसायकलींची टोळी, आणि हे सगळं हाताने रंगवलेलं! सिनेमात तो स्फोट असो वा नसो, चित्रकाराने जीव ओतलेला असतो. मला ते चित्र हवंय.

बजेट: साध्या तयार लाकडी फ्रेमला जेवढे पडतात, तेवढेच पोस्टरला. त्याहून एक पैसाही जास्त नाही.
जागा: दरवाजा आणि कपाटाच्या मधली भिंत, रुंदी जेमतेम अडीच फूट.
प्रश्न: घडीचं घ्यावं की रोल केलेलं? नक्कल कशी ओळखायची? आणि ते लिनन-बॅकिंग म्हणतात ते, म्हणजे पोस्टर मागून कापडावर चिकटवणं, करून घ्यावंच लागतं का?

रीळवाला:
छंद उत्तम निवडलात. माझं ऐकाल तर अमेरिकन सोडा आणि थेट मोठं इटालियन पोस्टर, 'दुए फोल्यी', घ्या, १०० बाय १४० सेंटीमीटर. रेनातो कासारो, एन्झो शॉत्ती या पोस्टर-चित्रकारांचं काम जवळून बघा म्हणजे कळेल. बंदुकीच्या नळीवरचा उजेड, घामाचा थेंब, सगळं ब्रशने. माझ्या हॉलमध्ये एक लावलंय. घरात येणारा माणूस चप्पल काढायच्या आधी तिथे थबकतो. पैशाचं म्हणाल तर एकदाच काय तो खर्च करा, दहा किरकोळ घेण्यापेक्षा एक दमदार घ्या.

तिकीटखिडकी:
रीळवाला, धन्यवाद, पण १०० सेंटीमीटर म्हणजे सव्वातीन फूट झाले. भिंत अडीच फुटांची आहे.

रीळवाला:
कपाट सरकवा.

कोरा_कागद:
रोल केलेलंच घ्या, घडीचं अजिबात नको. माझ्या संग्रहात घडीचं एकही पोस्टर नाही आणि येणारही नाही. घडीवर शाई उडते, आडवी आणि उभी घडी जिथे मिळते तिथे भोक पडतं, आणि उजेड तिरका पडला की नायकाच्या बरोबर नाकावरून रेघ जाते. चांगला रोल मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मी ठेवतो.

घडीमोड:
पूर्ण असहमत. सत्तरच्या दशकातलं अमेरिकन वन-शीट, म्हणजे थिएटरात लावायचं नेहमीच्या आकाराचं पोस्टर, घडीचं असणं हाच नियम आहे. यंत्राने घडी घालूनच ते थिएटरांना रवाना व्हायचं: आडव्या तीन घड्या, उभी एक. रोल करून पाठवायची पद्धत ऐंशीच्या दशकात रुळली. त्यामुळे १९७४ चं पोस्टर, घडीची खूणसुद्धा नाही, असं कुणी समोर धरलं तर आधी संशय घ्यायचा. तशी खरी असतात, पण थोडी आणि महाग. तिकीटखिडकी यांनी बजेट स्पष्ट लिहिलंय, त्यात घडीचंच बसणार.

टेप घेऊन जा. त्या काळातलं वन-शीट २७ बाय ४१ इंच, पुढे ऐंशीच्या दशकात ते २७ बाय ४० वर आलं. २४ बाय ३६ भरलं तर ते बहुतेक घरात लावण्यासाठी छापून विकलेलं, थिएटरचं नव्हे. अडीच फूट म्हणजे ३० इंच, वन-शीट बारीक फ्रेमसकट आरामात बसेल. कपाट हलवायची गरज नाही.

नियमावली:
सगळ्यात महत्त्वाचं कुणीच सांगत नाहीये. खालच्या कोपऱ्यात नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा, म्हणजे अमेरिकेत थिएटरांना पोस्टर्स पुरवणाऱ्या कंपनीचा, क्रमांक बघायचा. सुरुवातीला वर्षाचे दोन आकडे. ७८ असेल तर १९७८. त्याच्या आधी इंग्रजी 'आर' असेल तर सिनेमा पुन्हा लावला तेव्हाचं पोस्टर, पहिल्या वेळचं नाही. क्रमांकच नसेल तर नकली, हातसुद्धा लावू नका.

घडीमोड:
शेवटचं वाक्य चूक आहे, आणि नेमकं या धाग्यासाठी चूक आहे. बारके वितरक पुष्कळदा आपली पोस्टर्स स्वतःच छापून वाटायचे, नॅशनल स्क्रीनच्या वाटेला जायचेच नाहीत. तुमचा नियम लावला तर तिकीटखिडकी यांना हवा असलेला अर्धा माल बाद होईल.

नियमावली:
मी आजवर क्रमांक नसलेलं घेतलं नाही आणि आजवर फसलो नाही.

घडीमोड:
घेतलंच नाहीत तर फसणार कुठून?

पिवळा_दिवा:
तुमचं चालू द्या, पण ताई, पोस्टर घ्यायच्या आधी फ्रेमवाला कोण आहे ते बघा. माझं एक सुरेख वन-शीट होतं, रात्रीचं शहर, छपरावर दोघांची मारामारी, खाली निऑनच्या पाट्या. फ्रेमला टाकलं. त्या माणसाने न विचारता उष्णतेने बोर्डावर चिकटवून दिलं. ड्राय माउंटिंग म्हणतात त्याला. जाब विचारला तर म्हणतो, "मॅडम, आता शंभर वर्षं सुरकुती पडणार नाही." सुरकुती पडणार नाही हे खरं, पण ते बोर्डावरून निघणारही नाही, आणि कुठलाही संग्राहक ते आता हातात घेणार नाही. त्या दुकानात आजही भिंतीवर 'जुन्या कागदांचे तज्ज्ञ' अशी पाटी आहे. फार राग येतो.

तेव्हा फ्रेमवाल्याला लेखी द्या: चिकटवायचं नाही, कापायचं नाही, सेलोटेप लावायची नाही. कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवी. दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई काचेवर राहते.

कोरा_कागद:
फ्रेमबद्दल पिवळा_दिवा यांना अनुमोदन. माझ्या सगळ्या फ्रेम्सना अतिनील किरणं अडवणारं ॲक्रिलिक आहे. पोस्टरपेक्षा फ्रेमलाच जास्त पैसे गेलेत, पण काम बघण्यासारखं झालंय.

छापखाना:
नक्कल ओळखण्यावर बोलतो, कारण ऑफसेट छपाईत माझं आयुष्य गेलं आहे.

दहापट मोठं दिसेल असं भिंग घ्या. आधी चित्रावर धरा. चार रंगांचे ठिपके नीट फुलासारखे मांडलेले दिसले तर ऑफसेट. नुसता बारीक फवारा मारल्यासारखा दिसला तर इंकजेट, ठेवून द्या. पण इथेच थांबू नका, कारण नक्कलसुद्धा ऑफसेटवर छापता येते. आता भिंग खाली न्या, जिथे कलाकार-तंत्रज्ञांची नावं बारीक अक्षरांत असतात. मूळ छपाईत त्या अक्षरांची प्लेट थेट रेषेची असते: अक्षर भरीव, कडा स्वच्छ. नक्कल करणारा आख्खं पोस्टर स्कॅन करतो, त्यामुळे त्याची अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात आणि कडा खरखरीत दिसतात. चित्रात लपवाछपवी होते, बारीक अक्षरांत सहसा होत नाही.

दुसरी परीक्षा बोटांची. घडीच्या रेघेवरून हलकेच बोट फिरवा. रेघ दिसतेय पण बोटाला लागत नाही, याचा अर्थ ती रेघसुद्धा छापलेली आहे. घडी पडलेलं जुनं पोस्टर स्कॅन केलं की घडीही चित्रात उतरते. असा माल मी हातात घेऊन परत केलाय, विकणाऱ्याला समजावून सांगितलं तरी त्याला ते पटेना.

नियमावली:
काळ्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, दिव्याखाली धरा की झालं. नवा कागद निळा चमकतो. भिंगाची गरज नाही.

छापखाना:
चालणार नाही. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं १९५० च्या दशकापासून वापरात आहेत. १९८४ चा खरा कागदही चमकू शकतो. तो दिवा १९३० च्या दशकातल्या पोस्टरला उपयोगी, या काळाला नाही.

भटकी_नजर:
एवढा कागदाचा खल चाललाय, घानाची पोस्टर्स कुणी बघितली आहेत का? ऐंशीच्या दशकात तिथे व्हिडिओ क्लबवाले टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर घेऊन गावोगाव फिरायचे. छापील पोस्टर कुठून आणणार? मग स्थानिक चित्रकार पिठाच्या रिकाम्या गोण्या उसवून, दोन एकत्र शिवून त्यावर तैलरंगात पोस्टर काढायचे. पुष्कळदा सिनेमा न बघताच. नायकाचे दंड मांडीएवढे, कथेत नसलेला साप, डोळ्यांतून आग! एक प्रदर्शनात बघितलं. कापडाच्या सुरकुत्यांत रंग तडकलेला होता, वरच्या काठाला दोरीने घासल्याच्या खुणा. गाडीवर टांगून फिरवलेलं. यापुढे छापील वन-शीट मला फिकं वाटतं. ताई, हेच घ्या.

कोरा_कागद:
ते पोस्टर नव्हे, चित्र आहे. पोस्टर म्हणजे छापील प्रत.

भटकी_नजर:
सिनेमाची जाहिरात केली, लोक जमवले, तिकीट काढायला लावलं. पोस्टर म्हणायला आणखी काय करायला हवं होतं त्याने?

छापखाना:
छापखान्यात आयुष्य काढूनही मी भटकी_नजर यांच्या बाजूचा आहे. मात्र जपून. परदेशी संग्राहक मागे लागल्यावर त्याच शैलीत केवळ विक्रीसाठीही पुष्कळ रंगवली गेली. टांगल्या-गुंडाळल्याच्या खुणा नसतील तर ते गावोगाव फिरलेलं नाही.

नवा_भिडू:
मीपण यात नवीन आहे. वरचं सगळं वाचलं. घडीचं चालतं, चिकटवू नका, भिंग घ्या. वाचनखूण साठवली.

अर्धतिकीट:
बजेटकडे कुणी बघणार आहे का? ताई, मोठं पोस्टर सोडा, लॉबी कार्डं, म्हणजे थिएटरच्या दालनात लावायची छोटी कार्डं, घ्या. ११ बाय १४ इंच, बहुतेक वेळा आठांचा संच. संच फोडून सुटी विकली जातात तेव्हा परवडतात. बहुतेकांवर सिनेमातलं दृश्य असतं, म्हणजे रंगवलेलं चित्र नेहमी मिळणार नाही, तेवढी तडजोड. चित्रच हवं असेल तर बेल्जियमची छोटी पोस्टर्स शोधा, अंदाजे १४ बाय २२ इंच, नावं फ्रेंच आणि डच दोन्हींत. जपानी चिराशी त्याहून लहान, बी५ आकाराची पत्रकं, थिएटरात फुकट वाटायचे. ती फाइलमध्येही राहतात, फ्रेमचा खर्चच नाही.

आणि लिनन-बॅकिंग एवढ्या कमी किमतीच्या पोस्टरला करूच नका. पोस्टर आणि कापड यांच्यामध्ये पातळ कागद, खळ पिठाची, म्हणजे पाण्याने पुन्हा सोडवता येते. पद्धत चांगली आहे, पण मजुरी पोस्टरच्या किमतीहून जास्त होते. फाटायला लागलं असेल आणि जपायचंच असेल तर करा.

रीळवाला:
लिनन-बॅकिंग माझ्या दुए फोल्यीला केलंय. घड्या शोधून सापडत नाहीत.

अर्धतिकीट:
एक राहिलं. ऐंशीच्या दशकातले यातले बरेच सिनेमे थिएटरला लागलेच नाहीत, थेट कॅसेटवर आले. त्यांचं पोस्टर म्हणजे व्हिडिओ दुकानात लावायचं पोस्टर. ते थिएटरचं म्हणून कुणी गळ्यात मारत नाही ना, एवढं बघा. कॅसेट कंपनीचं नाव खाली छापलेलं असतं.

कोरा_कागद:
व्हिडिओच्या पोस्टरवर पैसे घालवू नका. दुकानाच्या काचेत उन्हात असायची, रंग गेलेला, चारी कोपऱ्यांना पिनांची भोकं. पुढे कुणी विकत घेत नाही.

नियमावली:
सहमत. आणि त्यावर क्रमांकही नसतो.

घडीमोड:
इथे माझंही तेच मत. त्याच पैशात घडीचं साधं वन-शीट मिळेल.

तिकीटखिडकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. छापखाना यांची अक्षरांची खूण लगेच वापरली. एका ठिकाणी दोन 'मूळ' पोस्टर्स त्यावरच बाद केली, अक्षरांच्या कडा वाळूच्या कागदासारख्या होत्या.

आणि घेतलं ते व्हिडिओचं पोस्टर. माझ्या बजेटात बसलं, थोडे उरलेसुद्धा. हेलिकॉप्टर आहे, बनियन आहे, टोळी आहे, सगळं रंगवलेलं. कोरा_कागद म्हणतात तसा लाल-पिवळा उतरलाय, निळा आणि काळा तेवढे राहिलेत. पण उजव्या काठाला बोटभर रुंदीची उभी पट्टी आहे जिथे दुकानात शेजारचं पोस्टर यावर चढवलेलं असणार. तेवढ्या पट्टीत आग मूळ लाल रंगाची आहे, भडक, कालच छापल्यासारखी. ती पट्टी बघितली आणि घासाघीससुद्धा केली नाही. भोकं आहेत, घडी आहे. मला विकायचं नाहीये, तेव्हा पुढे कोण घेणार हा प्रश्न नाही. सिनेमा थिएटरला लागलाच नव्हता, म्हणजे याचं याहून 'मूळ' पोस्टर कुठे असणार?

कोरा_कागद:
तुमची निवड. मी घेतलं नसतं.

छापखाना:
पट्टीचा फोटो टाका, आणि जमलं तर भिंगातून एक. मूळ लाल आणि उतरलेला लाल शेजारीशेजारी बघायला मिळत नाहीत.

घडीमोड:
घेतलंतच तर आता राहिलेला रंग सांभाळा. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीचं पाकीट नको, त्यातून निघणारी द्रव्यं कागदाला खातात. त्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं का ते बघा. येत असेल तर पट्टीचा लालही जाईल, आणि ट्यूबलाइटखालीही हळूहळू जातोच. फ्रेमचे पैसे वाचवू नका.

तिकीटखिडकी:
ऊन येतं, संध्याकाळी थोडा वेळ. मग तिथे नाही लावत, आतल्या खोलीत भिंत आहे. तिची रुंदी बरीच जास्त आहे.

रीळवाला:
किती?