संश्लेषणाचा मार्ग संगणकाने द्यावा की विद्यार्थ्याने शोधावा?

प्रयोगवही: संगणक क्षणार्धात संश्लेषणाचा मार्ग देत असताना रेट्रोसिंथेसिस, म्हणजे हव्या असलेल्या रेणूपासून उलट मागे जात तो बनवण्याचा मार्ग शोधणे, हाताने गिरवून घेणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे मत काल वाचले आणि मला राहवले नाही. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने सॉफ्टवेअरने काढलेला मार्ग आणून दाखवला. रेणूत अभिक्रिया करू शकणारे दोन गट होते, कीटोन आणि एस्टर. मॅग्नेशियमयुक्त अभिकारकाने नवा कार्बन-कार्बन बंध जोडणारी ग्रिन्यार अभिक्रिया एस्टरवर हवी होती, म्हणून कीटोन आधी इथिलीन ग्लायकॉलने झाकलेला, म्हणजे तात्पुरता सुरक्षित केलेला होता. मार्ग अचूक होता, परंतु कीटोन का झाकला, असे विचारताच ती गप्प झाली. ग्रिन्यार अभिकारक एस्टरच्या आधी कीटोनलाच गाठतो, हे तिला स्वतःला सुचायला हवे होते.

द्विबंध: हा दोष संगणकाचा नसून, उत्तर हाती आल्यावरच ‘का’ विचारणाऱ्या अध्यापनाचा आहे. 1969 मध्ये रसायनशास्त्रज्ञ कोरी आणि विपके यांनी संगणकाच्या साह्याने संश्लेषणाची आखणी मांडली, तेव्हा अनुभवी रसायनतज्ज्ञाला सहज सुचणारी गोष्ट त्यांना नियमांत बसवावी लागली. विद्यार्थ्यांना ते नियमच उघडून दाखवा. आम्ही फळ्यावरचे मार्ग पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. त्याला आकलन म्हणायचे का?

पाचवा बंध: मार्ग राहू द्या, रेणूच्या साध्या आकृतीचे पाहा. कार्बनला चारऐवजी पाच बंध दिले की सॉफ्टवेअर तेथे लाल खूण करते. विद्यार्थी एक बंध पुसतो, खूण जाते आणि तो पुढे सरकतो. लेखी परीक्षेत तोच विद्यार्थी पुन्हा पाच बंध काढतो, कारण संयुजा, म्हणजे अणूचे बंध, मोजण्याचे काम त्याने कधी केलेलेच नसते.

द्विबंध: हाताने काढण्याचे हे कौतुक आता असह्य होते. माझा हात थरथरतो. षट्कोन वेडावाकडा आला म्हणून माझ्या एका शिक्षकांनी वर्षभर माझे गुण कापले, उत्तर बरोबर असतानाही. एका गटाची जागा दुसरा घेतो त्या एसएन2 अभिक्रियेत विन्यास, म्हणजे कार्बनभोवतीची त्रिमितीय रचना, का उलटतो, हे मला पडद्यावर रेणू फिरवून, मागून येणारा न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा घटक) पाहिल्यावरच समजले. त्याला आळस म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

पाचवा बंध: आळस हा शब्द मी वापरलेला नाही, तो माझ्या तोंडी घालू नका. मात्र तुमचे गुण कापणे अन्यायाचेच होते.

प्रयोगवही: त्रिमितीपुरते मान्य करतो, त्याहून अधिक नाही. ग्रिन्यार अभिक्रिया पडद्यावर एका बाणात संपते. प्रयोगशाळेत मात्र मॅग्नेशियमवर कोरड्या ईथरमधले अल्किल हॅलाइड घालूनही बराच वेळ काहीच हलत नाही. मग आयोडीनचा एक कण टाकावा लागतो, द्रव गढुळतो आणि ईथर अचानक उकळू लागल्याने चंबू बर्फात धरण्याची धावपळ होते. मार्ग निवडताना हेही जमेस धरावे लागते.

द्विबंध: प्रयोग बंद करा, असे मीही म्हटलेले नाही.

पाचवा बंध: माझ्या मूळ मुद्द्याला मात्र कोणीच उत्तर दिले नाही. मी वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये लाल खूण बंद करता येते. पुढच्या सत्रात आकृती तपासून होईपर्यंत मी ती बंदच ठेवणार आहे. ज्यांचा हात थरथरतो, त्यांनीही पडद्यावर काढावे, पण बंध स्वतः मोजावेत.